'चलन' शिकवता, मग चलनाचा दर का नाही?

आठवीच्या गणितात 'चलन' नावाचे एक प्रकरण आहे. नाव वाचून नोटा-नाणी डोळ्यांसमोर येतात, पण आत त्या नाहीत. आत आहे समचलन आणि व्यस्तचलन. वस्तू वाढल्या की किंमत त्याच प्रमाणात वाढते, मजूर वाढले की दिवस कमी होतात, असा तो मामला. पुढे दहावीला अर्थनियोजनात जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंडही येतात. परकीय चलनाला मात्र स्वतःचे असे प्रकरण नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात ही उणीव जास्त खटकते. इथल्या किनाऱ्यावरच्या आणि खाडीपट्ट्यातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी दुबई, कुवेत, मस्कत किंवा सौदीत आहे. कोणी जहाजावर आहे आणि पगार डॉलरमध्ये घेतो. 'आज रेट काय आहे?' हा प्रश्न ज्या घरात फोनवर विचारला जातो, तिथल्या मुलाला शाळेत त्याचे गणित भेटत नाही. माझ्या मते ते आठवीतच भेटायला हवे, आणि त्यासाठी नवे काही शिकवावे लागणार नाही. गुणोत्तर, शेकडेवारी आणि एका चलातील समीकरण एवढे पुरे.

सुरुवात सोपी आहे. रुपये = दर × दिरहम. हेच समचलन, आणि दर म्हणजे त्यातला स्थिरांक. गुणायचे की भागायचे, इथे मुले अडखळतात. म्हणून दर नेहमी एककासह लिहायची सवय लावावी, 'एका दिरहमला इतके रुपये'. दिरहमवरून रुपयांकडे जाताना गुणाकार, उलट जाताना भागाकार. जपानी येनचा जो संदर्भ दर आपल्याकडे रोज जाहीर होतो, तो एका येनचा नसून शंभर येनचा असतो. एकक न पाहणारा तिथे शंभर पटींनी चुकतो.

दिरहमचा दर मुलांना स्वतःही काढता येतो. अमिरातीने १९९७ पासून दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. डॉलर ९० रुपये धरला, तर ९० भागिले ३.६७२५, म्हणजे एक दिरहम साधारण २४.५१ रुपये. सौदी रियालही असाच बांधलेला आहे, डॉलरला ३.७५. म्हणजे बातम्यांत डॉलरचा भाव ऐकला की दुबई आणि रियाध दोन्हीकडचा दर वहीत उतरतो.

फी नाही, म्हणजे फुकट?

पण हा दर प्रत्यक्षात हातात पडत नाही. सोनाराकडे मोड घालताना एक भाव आणि नवा दागिना घेताना दुसरा, तसेच चलनाचे आहे. पैसे बदलून देणारा स्वस्तात घेतो, महाग विकतो, आणि मधला फरक ही त्याची कमाई. पाटीवरचे 'खरेदी' आणि 'विक्री' हे शब्द त्याच्या बाजूने लिहिलेले असतात. आपण डॉलर विकायला गेलो की आपल्याला लागू पडतो तो खरेदीचा दर. एवढी गोष्ट मोठ्या माणसांनाही पटकन उमगत नाही.

समजा, दुबईत पैसे पाठवणारी दोन दुकाने आहेत. पहिले २० दिरहम फी घेते आणि दर देते २४.४० रुपये. दुसऱ्याची जाहिरात 'फी शून्य', दर २४ रुपये. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.)

१,५०० दिरहम पाठवायचे आहेत. पहिल्या दुकानात फी वजा जाता १,४८० उरतात, त्यांचे ३६,११२ रुपये. दुसऱ्यात ३६,०००. म्हणजे फी घेणारे दुकान ११२ रुपयांनी स्वस्त पडले. आता ५०० दिरहम घ्या. पहिल्यात ४८० चे ११,७१२ रुपये, दुसऱ्यात १२,०००. इथे बिनफीचे दुकान २८८ रुपयांनी बरे.

मग किती दिरहमला दोन्ही सारखी? समीकरण असे: २४.४० (क्ष − २०) = २४ क्ष. त्यातून ०.४० क्ष = ४८८, आणि क्ष = १,२२०. यापेक्षा जास्त पाठवायचे असतील तर पहिले दुकान, कमी असतील तर दुसरे. आठवीचे गणित इतकेच आहे, आणि त्याचे उत्तर दर महिन्याला घरात उपयोगी पडते. शिवाय फी आली की समचलन मोडते हेही मुलाच्या लक्षात येते. दुप्पट पाठवले तर दुपटीहून थोडे जास्त पोहोचतात. म्हणून फी घेणाऱ्या दुकानातून थोडे थोडे चार वेळा पाठवणे महागात जाते.

आणि 'फी शून्य' वाल्याची कमाई कुठे गेली? ती दरात लपली आहे. मूळ २४.५१ दराने १,५०० दिरहमचे साधारण ३६,७६० रुपये होतात. फीवाल्याकडे साडेसहाशेच्या आसपास गेले, बिनफीवाल्याकडे साडेसातशेच्या वर. विचारायचा प्रश्न एकच असतो, 'घरी किती रुपये पोहोचतील?'

पगाराचा आकडा

याहून मोठी चूक घरून निघण्याआधीच होते. एजंट सांगतो, पगार १,८०० दिरहम. घरचे लगेच गुणतात, २४ ने ४३,२००. मग त्या भरवशावर इथे रुपयांत कर्ज काढले जाते. पण खोलीचे भाडे आणि जेवण दिरहममध्येच जाते. त्यात ८०० गेले तर पाठवायला उरतात १,०००, म्हणजे २४,००० रुपये. आधी वजाबाकी, मग रूपांतर, हा क्रम उलटला की कर्जाचा हप्ता अंगावर येतो. आठवीत शिकलेल्या मुलीने बापाला किंवा भावाला हा हिशेब वेळेवर मांडून दाखवला, तर तेवढ्यासाठी तरी हे प्रकरण शिकवायला हवे.

आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण एकेकाळी आखातात रूपांतर लागतच नसे. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कतमध्ये भारतीय रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळ्या नोटा काढल्या, त्यांना गल्फ रुपया म्हणत. त्यांची किंमत आपल्या रुपयाएवढीच होती. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला, आणि त्याच वर्षी कतार-दुबईनेही रुपया सोडला. ओमानमध्ये अजून रियालच्या हजाराव्या भागाला 'बैसा' म्हणतात, तो आपला पैसाच. (हजारावा भाग, हे लक्षात ठेवा. कुवेती दिनारातही १,००० फिल्स असतात. तिथल्या पावतीवरचे १२.५०० म्हणजे साडेबारा दिनार, साडेबारा हजार नव्हेत.)

त्या १९६६ च्या आकड्यांत शेकडेवारीचा उत्तम धडा आहे. डॉलर ४.७६ चा ७.५० झाला, म्हणजे तो सुमारे ५७.५ टक्के महागला. रुपया मात्र ३६.५ टक्केच घसरला, कारण रुपयाला आधी २१ सेंट मिळत, नंतर १३.३. दोन्ही आकडे बरोबर. फक्त शंभर टक्के कशाला धरले, ते वेगळे.

शिक्षकांची अडचण रास्त आहे. अभ्यासक्रम आधीच भरलेला, आणि दर रोज बदलतो, मग पुस्तकामागे उत्तर काय छापायचे? पण गणितात दर दिलेलाच असतो, तारीख घातली की काम झाले. स्वाध्यायासाठी तर पुस्तकही नको. ज्यांच्या घरी पैसे येतात त्यांनी मागच्या तीन महिन्यांच्या पावत्यांवरून, नाव-नंबर झाकून, एवढेच लिहून आणावे: किती दिरहम निघाले, किती रुपये पोहोचले. बाकी भागाकार वर्गात.