गोदीची शिस्त घरांनाही हवी

माझगाव गोदीत युद्धनौकेचे भाग कार्यशाळेत घडवून, तपासून मगच जोडले जातात. त्याच माझगावात २७ सप्टेंबर २०१३ रोजी बाबू गेनू मंडईची पालिकेची इमारत कोसळून ६१ जीव गेले. नौकेला लाभणारी शिस्त घराला का नसावी? भिंती, छत कारखान्यात घडवून जागेवर जोडल्यास पाणी व राडारोडा वाचतो, संक्रमण शिबिरातील वनवासही आटोपतो. २०२१ मध्ये केंद्राने नव्या बांधकाम तंत्रांचे सहा प्रकल्प आरंभले. त्यांत इंदूर, चेन्नई होते, महाराष्ट्रातील एकही शहर नव्हते. मात्र सांधे कच्चे राहिल्यास काय घडते, हे लंडनने १९६८ मध्ये रोनन पॉइंट इमारतीत पाहिले. म्हणून पुनर्विकासाच्या करारात वेगाबरोबर सांध्यांच्या तपासणीचीही अट रहिवाशांनी आग्रहाने घातली पाहिजे.