मांजर हाकला, उंदीर पाळा

सून शहाद्याच्या दवाखान्यात कळा देत असते आणि इकडे ब्राह्मणपुरीत घरचे पुरुष रिकामं पोतं शोधत असतात. मांजर भरायला. पोत्याचं तोंड सुतळीने आवळायचं, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवायचं आणि दोन शिवारं ओलांडून उसाच्या बांधावर मोकळं करायचं. जिने ज्वारीची कोठी राखली, तिची ही बोळवण. उसात बिबट्या असतो हे शहादा-तळोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी हे लोक घरी येऊन हातपाय धुतात आणि सांगतात, "सोडून आलो बुवा, आता बाळाची काळजी मिटली."

कारणं विचारा. केस पोटात जाईल. दुधाच्या वासाने तोंड चाटेल. तिची नजरच वाईट. हीच माणसं पाचवीला पाट मांडून सटवाईपुढे हात जोडतात. तिकडे बंगालात तान्ह्या लेकरांची राखण करणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहन काळी मांजर आहे. तिच्या व्रतकथेत सून चोरून खाते आणि आळ मांजरीवर घालते. देवी वठणीवर आणते ती सुनेला. आमच्याकडे ही कथा पोचली नाही, आळ तेवढा पोचला.

मांजर गेली की काय येतं? उंदीर. खेतियाची हद्द ओलांडून पुढे गेलं की इंदूर. तिथल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात 2025 साली, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, उंदरांनी दोन तान्ह्यांना चावे घेतले. दोन्ही बाळं दगावली. रुग्णालयाने मृत्यूचं कारण दुसरं सांगितलं. चावे मात्र कुणाला नाकारता आले नाहीत. काचेआडच्या बाळाची ही गत, तर धान्याच्या पोत्यांशेजारी टांगलेल्या झोळीचं काय? शिवाय उंदरामागून नाग येतो, घोणस येते. त्यांना पोत्यात कोण भरणार?

बरं, लेकराची एवढी काळजी असलेली ही मंडळी स्वतः काय करतात तेही बघा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात. इथे पहिलं बोट मधाचंच. डोळ्यांत काजळ, नाळेला हळद नाहीतर राख, बंद खोलीत शेगडीचा धूर. वर बिडी ओढून आलेला प्रत्येक काका गालाचा मुका घेणार. मांजरीने एवढं केलं असतं तर गावाने पंचायत बसवली असती.

मांजर निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. तिला ऊब आवडते, झोळी तर फारच आवडते, आणि महिन्याच्या बाळाला तोंडावर बसलेलं जनावर ढकलता येत नाही. म्हणून झोळी बाळ यायच्या आधीच बांधावी, वर जाळी घालावी आणि मांजरीला आत शिरू न द्यायची सवय तेव्हापासूनच लावावी. बाळाचं एखादं वापरलेलं दुपटं दवाखान्यातून आधी घरी पाठवावं; तिला सावकाश हुंगू द्यावं. बाळंतीण घरी आली की बाळ दुसऱ्याकडे देऊन तिने आधी मांजरीला जवळ घ्यावं. मग लांबून ओळख. दामटून तोंडाशी तोंड लावायचं नाही आणि दोघांना एकटं सोडायचं नाही, रात्री तर नाहीच. रेबीजची लस मांजरीला आधीच टोचून घ्यावी. तरी ओरखडा निघालाच तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवावं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद दाबत बसू नये.

आता शिकलेल्या जावयाचा हुकमी एक्का: टॉक्सोप्लाझ्मा. जंतू खरा आहे. पण धोका आहे तो गर्भारपणात आईला पहिल्यांदाच लागण झाली तर; बाळ मांडीवर आल्यावर मांजर हाकलणं म्हणजे वरातीमागून घोडं. त्यातही तो कच्च्या-अर्धकच्च्या मटणातून येतो, न धुतलेल्या भाजीतून येतो, मातीतून येतो. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे, विष्ठेतून तो टाकते. ती ताजी विष्ठा लगेच बाधत नाही. जंतू बाधण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घाण रोजच्या रोज उचलली आणि ती गर्भारणीने न उचलता दुसऱ्या कुणी उचलली, की बरंचसं भागलं.

दुसऱ्या कुणी म्हणजे कुणी? नवऱ्याने. नऊ महिने, रोज सकाळी, फावडं आणि राख घेऊन. त्या नऊ महिन्यांपेक्षा एक पोतं आणि पावलीटर पेट्रोल स्वस्त पडतं, एवढाच या बाळप्रेमाचा हिशेब आहे.