‘नाही’ म्हणायला कुणी बसलंय का?

ज्या जर्नलमध्ये पैसे भरले की काहीही छापून येतं, त्याला मी जर्नल म्हणत नाही, झेरॉक्सचं दुकान म्हणते. आणि तसं म्हणताना झेरॉक्सवाल्यावर अन्याय होतो. तो बिचारा कागदावर ‘तज्ज्ञांनी तपासलेलं’ असा शिक्का मारून देत नाही.

हे रागाने लिहितेय. मी तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवते. माझ्या फोनवर दर आठवड्याला ‘कॉल फॉर पेपर्स’ येऊन पडतात. आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, पीअर रिव्ह्यूड. ४८ तासांत स्वीकृती. सहलेखकांना ई-सर्टिफिकेट मोफत. खाली पैसे भरायचा क्यूआर कोड. एकाच अंकात रसायनशास्त्र, दलित आत्मकथनं आणि कबड्डीपटूंचा आहार. तुमच्यापैकी जे नेट-सेट आणि पीएचडीच्या रांगेत आहेत, त्यांच्याही फोनवर हे मेसेज असणारच.

यावर वडीलधारे एकच सल्ला देतात: ‘जपून राहा, फसव्या जर्नलांच्या नादी लागू नका.’ माझं भांडण या सल्ल्याशी आहे. दुधात भेसळ सापडली तर आपण गिऱ्हाइकाला ‘जपून प्या’ एवढं सांगून थांबत नाही, डेअरीवर धाड घालतो. इथे मात्र सगळी जबाबदारी गिऱ्हाइकाची. विकणारा नामानिराळा.

जर्नलचं काम काय? छापणं तर आज कुणालाही येतं. जर्नलचं खरं काम नाकारण्याचं आहे. आलेला पेपर त्या विषयातल्या, लेखकाशी हितसंबंध नसलेल्या दोघा-तिघांनी वाचायचा, चुका काढायच्या, दुरुस्त करून मागायचा आणि दम नसेल तर ‘नाही’ म्हणायचं. वाचक जर्नलच्या नावावर विश्वास ठेवतो तो या ‘नाही’मुळे. आता कमाई जर फक्त ‘हो’ म्हटल्यावरच होणार असेल, तर ‘नाही’ कोण म्हणेल?

२०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने हे करून दाखवलं. गोडा मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, त्या जातीच्या लायकेनमधून काढलेला रेणू कॅन्सरच्या पेशी रोखतो, असा एक बनावट पेपर त्याने रचला. त्यात ढोबळ चुका मुद्दाम पेरल्या आणि तो ३०४ ओपन ॲक्सेस जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. लेखकही खोटा, त्याची संस्थाही खोटी. पण ‘प्लॉस वन’ने तो नाकारला, आणि ‘प्लॉस वन’सुद्धा लेखकाकडून शुल्क घेतं. म्हणजे शुल्क घेणं हे पाप नाही. सर्व्हर, संपादन, मांडणी यांना पैसा लागतो. पाप आहे ते न केलेल्या तपासणीचे पैसे घेणं.

आता आपल्या घरात या. यूजीसीने २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे गुण जोडले आणि पेपर मोजायला सुरुवात झाली. मोजायला लागल्यावर दुकानं उघडणारच. मग यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिची छाननी करून २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि मोठ्या डेटाबेसमध्ये नसलेल्या १,००९ जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक जर्नलं निकषांवर टिकली नाहीत. कुणाचा पत्ता नाही, कुणाचे संपादक सापडत नाहीत, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. मग केअर यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली.

ही जर्नलं यादीत घुसली कशी? आपल्या विद्यापीठांनीच ती सुचवली होती. त्यांच्या आतल्या पानावर, संपादक मंडळात, आपल्याच सरांची आणि मॅडमची नावं असतात. काहींची नावं परस्पर टाकलेली असतात, हे मान्य. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ कंपनीवर अमेरिकेत जो खटला चालला, त्यात हाही आरोप होता. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीला पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायचा आदेश दिला. पण ज्यांनी आपखुशीने नाव दिलंय, त्यांचं काय? बायोडेटामध्ये ‘संपादक मंडळ सदस्य’ म्हणून गुण घ्यायचे आणि अंकात काय छापलंय ते उघडूनही बघायचं नाही, ही शुद्ध फसवणूक आहे.

‘नामांकित विदेशी प्रकाशनांकडे जा,’ हाही उपाय पुरेसा नाही. ‘वायली’ने २०२१ मध्ये ‘हिंदावी’ विकत घेतली आणि २०२३ या एका वर्षात तिचे आठ हजारांहून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. पैसे घेऊन बनावट पेपर पुरवणाऱ्या पेपर मिल तिथे राजरोस घुसल्या होत्या. ‘लॅन्सेट’ने १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्डचा १२ मुलांवरचा पेपर छापला. त्याने एमएमआर लशीबद्दल संशय पेरला. २००४ मध्ये दहा सहलेखकांनी त्या निष्कर्षापासून अंग काढून घेतलं. तरी ‘लॅन्सेट’ने पेपर पूर्णपणे मागे घेतला तो २०१० मध्ये. दरम्यान ब्रिटनमध्ये लस घेणाऱ्या मुलांचं प्रमाण घसरलं आणि गोवर परतला. छापल्यावर जर्नलची जबाबदारी संपत नाही, चूक कळल्यावर तर ती वाढते.

काही जण म्हणतील, विद्यार्थी तरी कुठे दुधाचे धुतलेले आहेत, माहीत असून पैसे भरतातच की. भरतात. पण मुलाखतीला पेपर मोजणारे कोण आणि मोजून घेणारे कोण? दोघांना एका तागडीत तोलू नका. चार वर्षं गावोगाव फिरून ओव्या गोळा करणाऱ्या मुलीचा पेपर कॉपी-पेस्ट केलेल्या पेपरशेजारी छापला जातो आणि गुण दोघांना सारखेच मिळतात. तिचं काम कुणी वाचतही नाही. खरी लूट ही आहे.

यूजीसीने २०२२ च्या नियमांत पीएचडीआधी पेपर छापण्याची सक्ती काढली, हे बरं झालं. आता पुढचं करा. प्रत्येक पेपरवर तो स्वीकारणाऱ्या संपादकाचं नाव छापा. परीक्षकांचे अहवाल, हवं तर नाव झाकून, सोबत जोडा. वर्षाला किती पेपर आले आणि किती नाकारले, हे जर्नलने जाहीर करावं. तक्रार आली की मुदतीत चौकशी आणि निकाल उघड. निवड समितीने पेपरांची संख्या विचारणं सोडून उमेदवाराचे दोनच पेपर मागावेत आणि ते वाचून यावं.

तोवर आपल्या विभागातले जे कुणी संपादक मंडळावर आहेत, त्यांना आपण अदबीने एवढंच विचारू: सर, मागच्या वर्षी तुम्ही किती पेपर नाकारलेत? उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर त्यांनी आज संध्याकाळपर्यंत तिथून आपलं नाव काढून घ्यावं.