तिखटावरील खोटी फिर्याद

कोल्हापुरात कोणाचेही पोट बिघडले की फिर्याद तिखटावर दाखल व्हायची, हा या शहराचा जुना रिवाज आहे. परगावचा पाहुणा तांबड्या रश्श्याच्या पहिल्याच घोटाला डोळे पुसू लागला म्हणजे पांढऱ्या रश्श्याची वाटी त्याच्यापुढे सरकवताना ज्या संकेश्वरी मिरचीचा आपल्याला कोण अभिमान वाटतो, तिच्याच नावाने, घरातल्या कर्त्या पुरुषाला अल्सर निघाल्याचे कळताच, आपण बोटे मोडू लागतो.

वस्तुतः मिरचीतील दाहक द्रव्य उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे भाजल्याचा भास होतो. भाजत मात्र काही नाही. ज्या जठरात हायड्रोक्लोरिक अम्ल पाझरत असते, आणि श्लेष्माच्या पातळ आवरणाआड राहून जे त्या अम्लापासून स्वतःचा बचाव करते, त्याने चमचाभर कांदा-लसूण चटणीला भ्यावे तरी किती?

जठरातील आणि त्याला लागून असलेल्या आद्यांत्रातील व्रणांचे खरे गुन्हेगार प्रामुख्याने दोन. पहिला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा मळसूत्री जंतू. युरियापासून अमोनिया निर्माण करून तो आपल्याभोवतीचे अम्ल मारतो आणि श्लेष्माच्या थरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. पर्थ येथील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी त्याचा छडा लावला तेव्हा वैद्यकविश्वाने त्यांना वेड्यात काढले, म्हणून मार्शल यांनी 1984 साली त्या जंतूंचे द्रावण स्वतःच पिऊन जठरदाह ओढवून घेतला. 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा गुन्हेगार वेदनाशामक गोळी. शिरोलीच्या फौंड्रीत राबून किंवा गुऱ्हाळावर कढई ओढून कंबर धरली की मेडिकलमधून रिकाम्यापोटी घेतलेली ही गोळी जठराचे संरक्षक आवरणच दुबळे करते. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा व्रण लवकर भरत नाही, हे निराळेच. हे सारे मोकाट, आणि मिरची मात्र कैदेत!

तिखटाला संपूर्ण निर्दोष सोडावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. सुमारे 25 सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेच्या तळाशी जी स्नायूंची झडप असते, ती सैल पडून अम्ल वर येऊ लागले की तिखट झोंबतेच. परंतु तेथेही मोठा वाटा वाटीवर बोटभर तरंगणाऱ्या तेलाच्या कटाचा, रात्री अकराच्या जेवणाचा आणि हात वाळायच्या आत अंथरूण गाठण्याचा असतो. स्निग्ध पदार्थांनी ती झडप ढिली पडते आणि जठर रिकामे व्हायला विलंब लागतो. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध त्यावर उतारा म्हणून प्यावे, तर ते घटकाभर गारवा देते खरे, पण मागाहून अम्लाचा स्राव वाढवते. मग आम्लपित्ताची गोळी येते; ती महिनोन् महिने परस्पर चालू राहते; आणि काळसर शौच, गिळताना अडखळणे, अकारण घटणारे वजन ही लक्षणे, जी दिसताच दुर्बिणीची तपासणी करून घ्यावयाची, ती ‘जरा तिखट जास्त झालं’ या एका वाक्याखाली दप्तरबंद होतात.

पाण्याच्या बाबतीत तर हा गैरसमज नगराच्या कारभाऱ्यांना फारच सोयीचा पडतो. दूषित पाण्यातून पसरणारे जुलाब, विषमज्वर आणि कावीळ यांचा मसाल्याशी सुतराम संबंध नाही. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ उसळली आणि माणसे दगावली, तेव्हा बोट पंचगंगेच्या पाण्याकडे गेले होते. कोल्हापूरचे सांडपाणी जयंती नाल्यावाटे ज्या नदीला मिळत आले, तिच्याच काठी खाली इचलकरंजी आहे; तेव्हा वरच्यांनी आपल्या रश्श्याची चर्चा करावी आणि खालच्यांनी पाणी उकळावे, ही वाटणी न्यायाची नव्हे. नाल्यात मिसळणारे मैलापाणी किती आणि त्यातले प्रक्रिया होऊन नदीत जाते किती, याचा तपशील, तसेच प्रत्येक प्रभागातील नळाच्या पाण्याच्या जंतुतपासणीचा अहवाल, महानगरपालिकेने दर आठवड्यास चव्हाट्यावर लावावा. आणि पात्र आटलेले असते त्या एप्रिल-मे महिन्यांत तर त्यात एका दिवसाचीही कसूर करू नये.