"फॉरमॅट मार!"

हॉस्टेलात कुणाचाही डेस्कटॉप अडला की दारात दहाजण जमतात आणि सल्ला एकच – "फॉरमॅट मार!" मीही मारला. लिनक्स टाकलं, रिस्टार्ट केलं, स्क्रीन काळी. परत टाकलं, परत काळी. तिसऱ्या खेपेला इन्स्टॉलरात अख्खी डिस्क पुसायचा पर्याय दाबला आणि रूममेटचं प्रोजेक्ट गेलं. दोन दिवस तो बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं.

आणि डिस्कचा काही दोषच नव्हता हो! ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर यांचं जमत नव्हतं. ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहिलं, एफ-१० दाबलं, स्क्रीन आली. हा तात्पुरता टेकू. मग 'एलएसपीसीआय -के'ने कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते पाहून योग्य तो टाकला. पाच मिनिटांचं काम. (जुन्या ३२-बिट मशीनवाल्यांनी डेबियन १३ च्या नादी लागू नये. २०२५ च्या त्या आवृत्तीला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही.)

माझं म्हणणं, फॉरमॅट हा उपाय नव्हे, आळस आहे. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वाय-फाय, आवाज, स्क्रीन बघा ना! पण प्रॅक्टिकलला आम्ही शिकतो काय? नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. सर, एकदा मुद्दाम बिघडवलेलं मशीन द्या की आम्हाला!