वरसे ते पेण : किती घोडे पुरतात?

आमच्या होस्टेलवर रात्री अकरानंतर ज्या चर्चा रंगतात त्यात सबमिशन पहिलं आणि गाड्या दुसऱ्या. खिशात एसटीच्या तिकिटापुरते पैसे असोत-नसोत, कोणती गाडी शून्यावरून शंभरवर किती सेकंदांत जाते हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ! आकडा पाठ करायला माझी ना नाही, पण त्यावर भुलून कुणी गाडी घेऊ नये. रोज कामावर जायला स्पोर्टी सेडान घ्यावी का, आणि घ्यावी तर कोणती, याचं उत्तर ब्रोशरमध्ये नसतं. ते आपल्या रोजच्या रस्त्यावर असतं, आणि थोडी आकडेमोड केली की सापडतं.

(आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ‘एकोणसत्तर’ म्हटलं की आजही मला दोन सेकंद लागतात. म्हणून महत्त्वाचे आकडे आकड्यांतच लिहिलेत. सांभाळून घ्या.)

आता रस्ता कुठला ते सांगते. आमचं घर वरसे येथे, रोह्याला अगदी खेटून. दादाची नोकरी पेणला. म्हणजे रोह्यातून भिसे खिंड, खाली नागोठणे, मग मुंबई-गोवा हायवेने वडखळ आणि पेण. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस. रोहा-दिवा मेमू पेणला थांबते, पण गाड्या मोजक्याच आणि दादाची सुटायची वेळ ठरलेली नाही. आजवर त्याने बाइकवर काढले. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तो सगळा चार महिन्यांत. रेनकोट घालून रात्री साडेनऊला खिंड उतरणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

तर घरात गाडी घ्यायचं ठरलं, आणि लगेच तीन पक्ष तयार झाले. बाबांचं मत, “उंच गाडी घ्या, खड्ड्यातून जाते.” म्हणजे एसयूव्ही. दादाला हवी फोक्सवॅगन व्हर्टस नाहीतर स्कोडा स्लाव्हिया, तीही मोठ्या १.५ लिटर टर्बो इंजिनाची. १५० घोडे! दोन्ही गाड्या आपल्या चाकणलाच बनतात, हा त्याचा देशभक्तीचा मुद्दा. आईचं म्हणणं एवढंच, “नऊच्या आत घरी येत असशील तर विमान घे.”

मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, तेव्हा मत विचारलं नाही तरी देणं भागच होतं.

पहिला प्रश्न, चालायला घोडे लागतात किती? माणसं धरून गाडी १३५० किलोची समजा. सपाट रस्त्यावर ८० च्या स्थिर वेगाने जाताना तिला हवेचा विरोध आणि टायरचा विरोध मोडावा लागतो. नेहमीचे गुणांक घालून गणित केलं तर उत्तर येतं ८ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे दहा-अकरा घोडे. बस्स! ६ टक्के चढ धरून ४० च्या वेगाने घाट चढायचा तर पंधरा. आजोबांच्या पिढीने १०८९ सीसीच्या पद्मिनीतून, चाळीस-बेचाळीस घोड्यांवर, टपावर सामान बांधून अख्खं कोकण पाहिलं ते काही चमत्काराने नव्हे. २००४ मध्ये आपल्याकडे ऑक्टाव्हिया आरएस आली तेव्हा १५० घोडे ही मासिकाच्या मुखपृष्ठावरची गोष्ट होती. आज तेवढेच घोडे दादाला पेणला जायला हवेत.

मग बाकीचे घोडे कशाला? एकाच कामाला : ओव्हरटेक. आणि इथे विषय चेष्टेचा राहत नाही. रोहा-नागोठणे रस्ता दुपदरी. धाटाव एमआयडीसीमुळे या भागात केमिकलचे टँकर कायमचे. समजा टँकर ४० ने चाललाय आणि त्याच्या मागून निघून पुढे सुरक्षित आत यायला तुम्हाला त्याच्यापेक्षा ४० मीटर जास्त कापायचे आहेत. वेग सेकंदाला १ मीटर-प्रतिसेकंद या दराने वाढत असेल (सुस्त गाडी, किंवा चांगली गाडी पण चुकीचा गिअर), तर ८.९ सेकंद तुम्ही समोरच्याच्या लेनमध्ये आहात. दर दुप्पट केला, म्हणजे २ घेतला, तर ६.३ सेकंद. समोरून कुणी ६० ने येत असेल तर पहिल्या गाडीला सुमारे २८५ मीटर मोकळा रस्ता लागतो, दुसरीला २१५. हा ७० मीटरचा फरक म्हणजे स्पोर्टी गाडीचा खरा उपयोग. म्हणून “कामावर जायला स्पोर्टी गाडी कशाला, चैन नुसती!” हे मला पटत नाही.

पण गणित इथेच थांबवू नका. दर २ वरून अडीचवर नेला तर वेळ किती वाचतो? ६.३ चे ५.७ होतात. म्हणजे सुस्त गाडीवरून चपळ गाडीवर आलो तेव्हा अडीच सेकंदांहून जास्त वाचले, आणि चपळ गाडीवरून राक्षसी गाडीवर गेलो तर जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. तो २ चा दर शेवटपर्यंत टिकवायला चाकांपाशी शंभरेक घोडे लागतात. याच दोन गाड्यांचं छोटं १.० लिटर टर्बो इंजिन ११५ देतं. मधली गळती वजा केली तरी तिथवर जवळजवळ पोचतं. म्हणजे वरच्या ३५ घोड्यांसाठी लाखांत मोजावे लागणारे पैसे अर्ध्या सेकंदासाठी आहेत. आणि तो अर्धा सेकंद हातात आहे असं वाटलं, की माणूस जिथे ओव्हरटेक मारू नये तिथे मारतो. केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या दहातल्या सातांपुढे कारण लिहिलंय अतिवेग. कमी घोडे असं कारण कुठेच नाही.

दुसरा मुद्दा टॉर्कचा. होस्टेलवर याला कोणी विचारत नाही! होंडा सिटीचं १.५ लिटर इंजिन १२१ घोडे देतं, वरचं १.० टर्बो ११५. कागदावर सिटी पुढे. पण सिटीचा पूर्ण टॉर्क १४५ न्यूटन-मीटर, तोही ४३०० आरपीएमला. टर्बोचा १७८, आणि १७५० पासूनच. टँकरमागे तिसऱ्या गिअरमध्ये ४० ने चालताना इंजिन साधारण दोन हजाराच्या आसपास असतं. टर्बो तिथूनच उचलते. सिटीला दुसऱ्यात आणावी लागते. मग तीही छान पळते आणि वर गाते, पण दिवसभर काम करून थकलेला माणूस रात्री दर वेळी गिअर खाली टाकेलच असं नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हला शून्य ते शंभर बघू नका. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० ला जाऊन बघा. शोरूमवाला तोंड वाकडं करेल, करू द्या.

आता बाबांचा पक्ष. उंच गाडीचं म्हणणं खोटं नाही. मुंबई-गोवा हायवेच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा मी पहिलीत होते. पुढे शाळेची बहुतेक सगळी वर्षं मी डायव्हर्जनच्या पाट्या वाचतच मोठी झाले. माझं मराठी वाचन थोडं तरी सुधारलं ते त्यामुळेच! तेव्हा खड्ड्यांचं मला कोणी सांगायला नको. पण मोजून बघूया. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. व्हर्टस-स्लाव्हियाचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर. चार माणसं आणि भरलेली डिकी धरून गाडी तीसेक मिलिमीटर बसली तरी नियमातल्या स्पीडब्रेकरवर चेंबर लागायचं कारण नाही. अडचण गावकीने रातोरात घातलेल्या उंचवट्यांची आहे, पण तिथे तिरकी घेऊन सावकाश काढता येते. रोज दोन मिनिटं जास्त, एवढंच.

याच्या बदल्यात सेडान काय देते ते कोणी सांगत नाही. गाडीची दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा गाडीच्या स्थिरतेचा साधा मापदंड. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था हाच आकडा वापरते. साध्या कारचा तो १.३ ते १.५ येतो, उंच एसयूव्हीचा १.० ते १.३. खिंडीतल्या वळणावर अचानक गुरं आली आणि स्टिअरिंग झटक्यात वळवावं लागलं, तर हा आकडा कामाला येतो. खड्डा टायर फोडतो, फार तर खिसा हलका करतो. गाडी उलटली तर काय होतं ते लिहीत नाही.

पुराच्या पाण्याचं मात्र बाबांना मी मान्य करते, तिथे उंच गाडी बरी. पण कुंडलिका किंवा नागोठण्याची अंबा रस्त्यावर आली असेल तर गाडी कोणतीही असो, घरी बसावं. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीला उचलू शकतं.

पैशांचंही बोलायला हवं. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. साडेचार मीटरच्या सेडानवर ४० टक्के. इंजिन छोटं असलं तरी लांबी चार मीटरच्या वर गेली की ४० च! म्हणून ज्याचं काम वरसे ते धाटाव एवढंच आहे, त्याने सरळ डिझायरसारखी गाडी घ्यावी. ८२ घोडे पाच-सात किलोमीटरला रग्गड झाले आणि अॅव्हरेजही सुखाचं. तिथे स्पोर्टी सेडान म्हणजे लिंबू कापायला कोयता. पण रोज नव्वद किलोमीटर, त्यात दुपदरी रस्ता आणि रात्रीचं परतणं असेल, तर जास्तीचा पैसा कुठे जातो ते वर मांडलंच आहे. फक्त एक बघा, त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे. सर्व्हिसिंगला पनवेल गाठावं लागत असेल तर प्रत्येक वेळी एक दिवस रजेचा धरा.

शेवटी दादाची सगळ्यात आवडती गोष्ट : मोठे अलॉय. या गाड्यांना १६ इंचांवर २०५/५५ चा टायर येतो. म्हणजे टायरची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर. खड्ड्याचा पहिला दणका तीच खाते. १७ इंची अलॉय घालून २०५/५० टायर लावला की भिंत १०२ वर आली. फोटोत गाडी देखणी दिसते, पण वडखळच्या अलीकडे रिम वाकते. त्यापेक्षा ते पैसे टायर वेळेवर बदलायला ठेवावेत. ८० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर नुसता ब्रेकचा पल्ला तीसेक मीटर असतो, ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर साठच्या वर जातो, आणि माणसाला ब्रेकवर पाय न्यायला जो सेकंद लागतो त्यात आणखी बावीस मीटर जातात. हे अंतर इंजिनाने कमी होत नाही. ते होतं चार टायरच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांनी. आपल्या भागात जूनच्या पहिल्या आठवड्याआधी टायरची नक्षी तपासणं हे छत्री दुरुस्त करण्याइतकंच नेमाचं काम झालं पाहिजे.

थोडक्यात काय, तर माझं मत असं : सेडान घ्या, स्पोर्टीच घ्या, पण छोट्या टर्बो इंजिनाची, कंपनीने दिलेल्याच चाकांवर. वाचलेल्या पैशातून चांगले टायर घ्या आणि हप्ता कमी करा. २०२५ मध्ये मारुतीची सियाझसुद्धा बंद झाली, सगळा बाजार एसयूव्हीकडे धावतोय, हे मला दिसतंय. पण बाजार आपल्या रस्त्याने रोज जात-येत नाही.

मित्रमैत्रिणींनो, दोन-तीन वर्षांत आपल्याला नोकऱ्या लागतील आणि पहिल्या पगाराबरोबर कर्जवाल्यांचे फोन सुरू होतील. तेव्हा शोरूममध्ये शिरण्याआधी एकदा आपल्या कामाच्या वेळेला, आपल्या रस्त्यावर, शक्यतो पावसात फिरून या. ओव्हरटेक किती करावे लागतात, स्पीडब्रेकर किती, मोकळा रस्ता किती लांबवर दिसतो, हे वहीत लिहा. सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल आपण एवीतेवी कॉपी करतोच, हे एक तरी स्वतः करूया!

आमच्या घरी मतमोजणी अजून चालू आहे. दादा १५० वरून हलायला तयार नाही, बाबा उंचीवरून. हे सगळं गणित मी कागदावर मांडून फ्रिजवर लावलंय. आईने ते वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, “यातली कोणती लवकर थांबते?” मला वाटतं, निवड करताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.