उंचावलेली गाडी आणि चाकांची जुळणी

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागाईतदाराच्या खळ्यात पूर्वी जेथे बैलगाडी उभी असे, तेथे आज पिकअप ट्रक उभा दिसतो. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षांची काढणी चालते आणि या काळात गाडीला उसंत म्हणून मिळत नाही. छाटणी, खते, फवारणी यांविषयी आम्ही कृषी अधिकारी शेतकरी बांधवांना पुष्कळ सांगत असतो. परंतु तयार माल ज्या चार चाकांवर बाजारास जातो, त्या चाकांविषयी आम्ही क्वचितच बोलतो. ही उणीव अल्पांशाने तरी भरून काढावी, हा या लेखाचा हेतू आहे.

बागेतील रस्ते काळ्या जमिनीचे. चारी ओलांडताना गाडीचा पुढील भाग घासतो. सततच्या ओझ्याने कमानीचे पाटे बसतात व गाडी पुढून झुकते. मग शेतकरी ती गॅरेजमध्ये नेतो. तेथे पाटे भरून किंवा एखादा पाटा वाढवून, कोठे स्प्रिंगखाली ठोकळा घालून, तर कोठे टॉर्शन बार आवळून पुढील भाग उचलला जातो. गाडी उंच झाली, चारीत घासेनाशी झाली, म्हणजे काम पुरे झाले असे मालक समजतो. माझ्या मते काम तेथे अर्धेच झालेले असते. पुढील चाकांची जुळणी, म्हणजेच व्हील अलाइनमेंट, हा या दुरुस्तीचा उरलेला अर्धा भाग होय. तो केल्यावाचून गाडी रस्त्यावर आणणे इष्ट नाही.

एक अनुभव

मागील एका हंगामात निफाड तालुक्यातील एका बागाईतदाराकडे मी मणीगळीची तक्रार पाहण्यास गेलो होतो. बागेत घड उत्तम होते, देठ हिरवे होते. तरी बाजारात पोचलेल्या क्रेटच्या तळाशी सुटे मणी साचत. औषधाचा दोष असावा अशी त्याची समजूत होती. परतताना मी त्याच्याच गाडीत बसलो. सुकाणूचे चक्र हातात थरथरत होते व गाडी सारखी डावीकडे ओढत होती. उतरून टायरवरून तळहात फिरविला, तेव्हा आतून बाहेर फिरविताना तो गुळगुळीत लागला आणि उलट फिरविताना करवतीच्या दातांप्रमाणे खरखरीत. दीड महिन्यापूर्वी गाडीचा पुढील भाग उचलला होता. जुळणी मात्र केली नव्हती. पुढील दोन्ही टायर त्याला बदलावे लागले. मणीगळीला अन्यही कारणे असतात, हे खरे; परंतु औषध बदलण्यापूर्वी गाडी तपासली पाहिजे, हा धडा मी त्या दिवशी घेतला.

उंची बदलली की कोन बदलतात

लाकडी नांगराचे जू इसाडावर पुढेमागे सरकविले की फाळाची खोली बदलते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. एका ठिकाणचा फरक दुसऱ्या ठिकाणी उमटतो. गाडीचेही तसेच आहे. पुढील चाकांचे तीन कोन महत्त्वाचे. वरून पाहता दोन्ही चाके पुढच्या बाजूस किंचित जवळ आलेली असणे म्हणजे टो-इन. ट्रॅक्टरमुळे हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. समोरून पाहता चाक आत अथवा बाहेर झुकलेले असणे म्हणजे कॅम्बर. आणि ज्या अक्षावर चाक वळते त्याचा मागे असलेला कल म्हणजे कॅस्टर. सायकलचा पुढील फोर्क तिरपा असल्याने ती सरळ चालते; गाडीत तेच कार्य कॅस्टर करतो.

ज्या गाडीत प्रत्येक चाकास स्वतंत्र स्प्रिंग असते, तिचा पुढील भाग उचलला की चाकांना धरणारे दांडे खाली झुकतात आणि तिन्ही कोन बिघडू शकतात. ज्या गाडीत दोन्ही चाकांमध्ये एकच आख व त्याखाली कमानीचे पाटे असतात, तिच्याबाबत अनेक कारागीर म्हणतात, “एकाच आखाला अलाइनमेंट कशाला हवी?” यात निम्मे तथ्य आहे. अशा आखाचा कॅम्बर उंचीने बदलत नाही, हे खरे. परंतु सुकाणूपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा कोन बदलतो. त्यामुळे चक्र मध्यावर राहत नाही आणि खड्ड्यात चाक वरखाली होताना गाडी आपोआप वळू पाहते. पाट्यांची कमान किंवा शॅकलची लांबी बदलल्यास आखाचा कल, म्हणजेच कॅस्टरही बदलतो. तो कमी झाला तर गाडी भरकटते. वाढला तर चक्र जड होते.

नुकसानीचा हिशेब

समजा, पुढील दोन चाकांमधील अंतरात पुढे व मागे मिळून केवळ ६ मि.मी. चूक राहिली. म्हणजे प्रत्येक चाक सरळ दिशेपासून सुमारे पाव अंश तिरपे झाले. अशा चाकाची तिरपी दिशा दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटरने चुकते आणि तेवढे ते आडवे घासले जाते. नाशिकहून वाशीचा बाजार सुमारे १६५ कि.मी. गृहीत धरला, तर एका खेपेत प्रत्येक चाक जवळजवळ ७०० मीटर आडवे फरफटले असे होते. टायर एका हंगामात का संपतो, याचे उत्तर या आकड्यात आहे.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. झिजलेली कड पुष्कळदा आतील बाजूस असते व उभ्याने पाहता दिसत नाही. असा टायर घेऊन भरलेली गाडी कसारा घाट उतरते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून घाट टाळता येऊ लागला. परंतु तेथे दीर्घकाळ वेगाने धावावे लागते आणि कमजोर टायर फुटण्याचा धोका वेगाबरोबर वाढतो. गाडीत माल असतो, तशी माणसेही असतात.

काय करावे

प्रथम टायरमधील हवा, बेअरिंगची ढिलाई, किंगपिन अथवा बॉल जॉइंट व टाय-रॉडची टोके तपासावीत. ढिल्या भागांवर केलेली जुळणी टिकत नाही. दोन्ही बाजूंची उंची मोजून सारखी करावी. नंतर कॅस्टर व कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो-इन, हा क्रम सोडू नये. कारण पहिले दोन बदलले की तिसरा बदलतो. गाडी रिकामी असावी की भारासहित, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे. यंत्रावरील आधीच्या व नंतरच्या मापांची छापील चिठ्ठी मागून घ्यावी. नवे पाटे काही दिवसांत बसतात. म्हणून ५०० ते १,००० कि.मी. धावल्यावर पुन्हा एकदा तपासणी करावी. ब्रेकच्या नळ्या ताणल्या नाहीत ना व दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जात नाही ना, हेही पाहावे.

घरच्या घरी प्राथमिक परीक्षा करता येते. सपाट जागी चक्र सरळ ठेवून दोन्ही पुढील टायरच्या समोरील बाजूस, आखाच्या उंचीवर, मध्यभागी खडूने खूण करावी व खुणांमधील अंतर मोजावे. गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागील बाजूस तितक्याच उंचीवर आणाव्यात व पुन्हा मोजावे. दोन मापांतील फरक म्हणजे टो. तो पुस्तिकेशी जुळत नसेल, तर गाडी तज्ज्ञाकडे न्यावी.

किती उचलावे?

बसलेले पाटे मूळ उंचीस आणणे ही दुरुस्ती होय. मूळ उंचीहून अधिक उचलणे हा गाडीतील फेरबदल ठरतो. कंपनीने ठरविलेली मापे मूळ उंचीसाठीच असतात. फार उचललेल्या गाडीत यंत्रावर जुळलेला टो खड्ड्यात टिकत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, गाडी मूळ उंचीपर्यंतच उचलावी, आणि चारीवर गाडी घासत असेल तर तेथे नळ टाकून रस्ता सुधारावा. रस्ता एकदाच करावा लागतो. टायर दरसाल घ्यावे लागतात.

एका जुळणीस लागणारा खर्च एका नव्या टायरच्या किमतीपुढे अल्प आहे. वर्षभर घाम गाळून पिकविलेला घड शेवटच्या दीडशे किलोमीटरमध्ये खराब होऊ देऊ नये. पुढील हंगामाची पहिली क्रेट गाडीत चढण्यापूर्वी प्रत्येक बागाईतदाराने आपल्या टायरवरून एकदा तळहात फिरवून पाहावा, एवढीच विनंती.